उंदरांना ऐकू जाईल

सोमवार, ६ ऑक्टोबर

कुरतडलं! ठमीचं नवंकोरं झबलं, बाहीपासून गळ्यापर्यंत. कपाटाच्या खालच्या कप्प्यात लेंड्याच लेंड्या. घर घेताना हे कौतुकाने सांगत होते – खाली बेकरी आहे, ताज्या पावाचा वास फुकट. आता वासाबरोबर पाहुणेही फुकट. माझी पोर सहा महिन्यांची. पोटावर सरपटते, हाताला लागेल ते तोंडात. अंगावर काटा येतो नुसता.

पिंजरा आणते म्हटलं, तर सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. त्यांना ऐकू जाईल."

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पिंजरा रिकामा, आतला पावाचा तुकडा गायब. आईंच्या चेहऱ्यावर असा आनंद, जणू उंदराला त्यांनीच पढवला होता. "सांगितलं होतं ना? बोललीस मोठ्याने." ह्यांनीही मान डोलावली. दिवसभर गॅरेजात इंजिनं उघडून बसणारा माणूस, पण आईपुढे नंदीबैल. म्हणे त्यांच्या घरात पहिल्यापासून हाच नियम. उंदरांचा बेत तोंडाने बोलायचा नाही. ज्याने करायचं त्याने गुपचूप करायचं, दुसऱ्याला सांगायचंसुद्धा नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सूत्रं आईंच्या हातात. काल बाजारातून आल्या, पिशवीला हात लावू दिला नाही. विष आणलंत का विचारलं तर डोळे वटारले. मी म्हटलं, ठमी सगळीकडे फिरते, निदान जागा तरी सांगा.

"तिचा हात पोचेल अशी जागा निवडीन का गं मी? तुझ्या नवऱ्यालाही मीच वाढवलाय."

झालं. स्वयंपाकघरात माझं राज्य कधी नव्हतंच, आता उमेदवारीही रद्द.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

खुडबुड थांबली. जिन्यात एक मेलेला सापडला, बेकरीवाल्याने शेपटीला धरून नेला. पहाटे आम्ही उठायच्या आत आईंचा झाडू फिरलेला असतो, कोपरे लख्ख. काय ठेवतात, कुठे ठेवतात, कधी उचलतात – काही कळू देत नाहीत. बाई पक्की आहे, मान्य. गेले चार दिवस ओट खात नाहीत, पाव खातात. रोज तेच तेच खाऊन कंटाळा आला म्हणाल्या. मला हसूच आलं. त्यांच्या त्या ओटला हे 'घोड्याचा खुराक' म्हणतात, दुसरं कोणी तोंड लावत नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आई पडल्या. न्हाणीच्या दारात. उजवा हात, उजवा पाय, वाचा – सगळं गेलं. हे हॉस्पिटलात आहेत.

रविवार, १९ ऑक्टोबर

आईंचे कपडे न्यायला घरी आले. ठमीला जमिनीवर ठेवायला वाकले आणि वाकलेलीच राहिले.

उंदरांचं औषध!

कुठे आहे ते फक्त आईंना माहीत. आणि आईंना बोलता येत नाही.

ठमीला कडेवर घेऊनच शोधलं. पलंगाखाली, कपाटामागे, शेगडीखाली, माळ्यावर. कोळिष्टकं निघाली, ह्यांचा हरवलेला मोजा निघाला. ते नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

औषधवाल्या दुकानदाराला गाठलं. त्याला आई चांगल्या आठवतात, घासाघीस करून गेल्या म्हणे. "वड्या नको म्हणाल्या, भुकटी नेली. खाण्यात कालवून ठेवायची. वास नाही, चव नाही." लगेच मरतो का विचारलं. "छे. एक जागच्या जागी मेला तर बाकीचे शहाणे होतात. हे औषध उंदीर रोज खातो, चांगला फिरतो. आतून रक्त सुटतं, मग चार-सहा दिवसांनी जातो."

मालाचं कौतुक करावं तसं सांगत होता. रात्री पुन्हा शोधलं. पावाचा एखादा तुकडा, बिस्किटाचा चुरा, काहीतरी कालवलेलं असेल ना? कुठेच काही नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

ठमीला पाळण्यातून खाली सोडतच नाही. रडून रडून तिचा घसा बसला. स्वतःच्या घरातल्या फरशीला भिऊन राहायचं!

रविवार, २६ ऑक्टोबर

आईंना घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग टाकलाय, तिथून थेट स्वयंपाकघर दिसतं. निजवल्या निजवल्या त्यांनी डावा हात उचलला आणि डब्यांच्या फळीकडे बोट केलं. पुन्हा पुन्हा. तोंडातून नुसतं "ऊं, ऊं".

"भूक लागलीय तिला," हे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ, ओळखते सगळं. ओटच मागतेय."

हॉस्पिटलात पातळ द्या म्हणून सांगितलंच होतं. फळीवरचा डबा काढला, दुधात शिजवले, भरवले. पहिला घास गिळला आणि माझ्याकडे अशा काही बघत राहिल्या की मीच नजर वळवली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

तोंड उघडत नाहीत. फळीकडे बोट करतात, ओट करून आणले की ओठ घट्ट. मागायचं पण यांनीच, नको म्हणायचं पण यांनीच. नर्सबाई आल्या होत्या, हसून म्हणाल्या, "नाक दाबलं की तोंड उघडतं, म्हणच आहे." आणि करूनही दाखवलं. अन्न पोटात गेलं नाही तर माणूस टिकत नाही म्हणाल्या.

संध्याकाळी मी दाबलं. वाटीभर गेलं. आईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. एवढी वर्षं या घरात त्या म्हणतील तेच खाल्लं मी. लिहिलं तर लिहिलं, इथे कोण वाचतंय.

शनिवार, १ नोव्हेंबर

आईंच्या दंडावर काळेनिळे डाग. मांडीवरही. मी घाबरले – भरवताना धरते त्याचे वळ तर नाहीत? हॉस्पिटलात फोन केला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, थोडंफार व्हायचंच, असं म्हणाले. सुटले.

दुपारी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आई, उंदरांचं औषध कुठे ठेवलंत? ठमीसाठी विचारतेय हो." पुन्हा तेच बोट, तीच फळी. मग मात्र मी उठले. फळी रिकामी केली. डब्यांच्या मागे बघितलं, खाली बघितलं, भिंतीच्या फटीत सळई घालून बघितलं. काही नाही. डबे पुसून जागच्या जागी ठेवले. मागे वळले तर आई उशीवर डोकं आपटत होत्या.

"कळलं आई, कळलं. आणते खायला."

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज ठमीला पहिला घास द्यायचा होता. आजीच्या हातचा शकुन म्हणून पलंगाजवळ घेऊन बसले. आजीचेच ओट, दुधात मऊ घोटून. चमचा तिच्या ओठांशी नेला आणि आईंनी डाव्या हाताचा असा फटका मारला की वाटी भिंतीवर. ठमीच्या कपाळावर चमचा लागला, टेंगूळ आलं. किंचाळली पोर.

मी बोलले. नको नको ते बोलले. स्वतः खायचं नाही आणि नातीलाही खाऊ द्यायचं नाही! हे मध्ये पडले, "तिचं डोकं ठिकाणावर नाही, सोड." नाही सोडणार. पोरीचा पहिला घास, तोही बघवत नाही. अंथरुणात पडून अजून स्वयंपाकघर चालवायचंय बाईंना. यापुढे ठमीला त्यांच्या नजरेआड भरवायचं. ठरलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मागच्या खोलीत दार लावून भरवलं. सकाळी आणि संध्याकाळी. मिटक्या मारत खाल्लं गुलामाने! बाहेर आई पलंगाची दांडी बडवत होत्या.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी आईंच्या हिरड्यांतून रक्त. उशी भिजली, थांबेना. डॉक्टर घरी आले. हिरड्या पाहिल्या, दंड पाहिले, गोळ्यांची पाकिटं पाहिली. "एवढ्याशा गोळ्यांनी इतकं होत नाही," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "घरात उंदराचं औषध आहे का?"

मी आईंकडे बघितलं. त्यांचं बोट वर होतं. या वेळी मी बोटाच्या रेषेत बघत गेले, थेट ओटच्या डब्यापर्यंत.

ठमी माझ्या कडेवर आहे. मघाशीच खाऊन झालंय तिचं.