नुसतं समीर

मंगळवार, संध्याकाळ

मालिकेतली ती पोरगी आज बदललीच. आधी बापासमोर तोंड उघडत नव्हती, आज आपल्या पोराकडे बोट दाखवून सरळ म्हणाली, "पापा, मुझे यही पसंद है." अन् मी? आमच्या दोघांबद्दल आईला संशय नको म्हणून वर्षभर समीरला 'समीर भैया' म्हणून राहिली.

जाहिराती लागल्या तशी आई म्हणाली, "ऐक वं, यंदा समीरलेही राखी बांध. इतकं भैया-भैया करते तू."

मी घाबरून 'हो' म्हटलं. काहून म्हटलं? समीरला राखी?

नाही. उद्या तो विजय नगरहून पुस्तकं द्यायला येईल, तेव्हा आईसमोर हाक मारीन, नुसतं 'समीर'. ती विचारेल. सांगीन.

आताच आरशासमोर म्हणून पाहिलं. आधी भैयाच निघालं. मग भैया नाही निघालं.