साडेपाचचं झाकण

महू
३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मोनालीस अ. आ. व जयभीम.

हे पत्र आणि टोपली श्रीहरी आणून देईल. तो रोज त्याच्या गाडीतून सवाऱ्या घेऊन इंदूरला येतोच. टोपलीत पलटण आहे. घराची सगळी दारं-खिडक्या लावल्यावरच सुतळी सोड.

तुझी आई जाऊन अडीच महिने झाले. तेव्हापासून तू म्हणतेस, बाबा, इकडे या, नवव्या मजल्यावर हवा छान आहे. फोनवर मला नुसतं घूं घूं येतं. पण मागच्या वेळी आलीस तेव्हा हे वाक्य तुझ्या ओठांवरून वाचलं.

मी चौतीस वर्षं छावणीच्या ऑफिसात मूव्ह ऑर्डर टाइप केल्या. युनिट हलायचं असलं की आधी ॲडव्हान्स पार्टी जाते. जागा बघते, पाणी बघते, रिपोर्ट पाठवते. मग मेन बॉडी निघते. रिपोर्ट आल्याशिवाय मेन बॉडी निघाली, असं मी एकदाही टाइप केलेलं नाही.

आईची ही मांजर नऊ वर्षं मागच्या भिंतीवरून ये-जा करत आली. दार तिला कधी लागलं नाही. ती म्हातारी झाली, मीही झालो. बंद घरात ती खूश राहू शकते का, एवढं मला कळव. राहिली तर मी येतो. रिपोर्ट लेखी हवा. तोंडी मी कधी मानला नाही, आता ऐकूही येत नाही.

खरं लिही. माझ्या सोयीचं नको, तुझ्या सोयीचंही नको.

सुगतरावांना जयभीम. लोभ आहे, तो लिहून दाखवावा लागू नये.

तुझे,
बाबा


इंदूर
१४ नोव्हेंबर

ती. बाबांस मोनालीचा सा. जयभीम. वि. वि.

रिपोर्ट क्रमांक एक.

पलटण चार दिवस वॉशिंग मशीनच्या मागे होती. आम्ही ऑफिसला गेलो की येऊन खायची. पाचव्या दिवशी बाहेर आली, सगळ्या खोल्यांतून भिंतीच्या कडेकडेने फिरली आणि सुगतच्या चपलेवर जाऊन बसली. तो म्हणाला, सासरेबुवा भाऊराव साहेबांचा सीआयडी आलाय, आता नीट वागलं पाहिजे. तिला तो मॅडमजी म्हणतो. तिला चालतं.

बाल्कनीला जाळी लावून घेतली. आमच्या मल्टीतल्या निम्म्या फ्लॅटवाल्यांनी कबुतरांसाठी लावलीय. मी मांजरासाठी लावली म्हणून वॉचमन हसला.

डॉक्टरांना दाखवून आणलं. ते म्हणाले, बाहेर फिरणारी मांजरं गाडीखाली येतात, भांडतात, पुष्कळदा पाच-सहा वर्षांतच जातात. घरात राहणारी चौदा-पंधरा वर्षं जगतात. चढायला, खेळायला, खिडकीतून बघायला मिळालं की त्यांना बाहेरची गरज पडत नाही. हे मी फक्त मांजरीविषयी लिहीत नाहीये, हे तुम्हाला कळलं असेल.

तुमच्या खोलीत अजून काही ठेवलेलं नाही. तिची खिडकी पश्चिमेला आहे.

गोळ्या वेळेवर घ्या. रागावलात तरी चालेल, पण माया कमी करू नका.

तुमची,
मोनाली


महू
२४ नोव्हेंबर

चि. मोनालीस अ. आ.

डॉक्टरांनी किती वर्षं ते सांगितलं. मी कशी, ते विचारलं होतं.

तुला आठवत असेल. साडेपाचला आई मागच्या ओट्यावर उभी राहून पिठाच्या पितळी डब्याचं झाकण उलथन्याने वाजवायची. तीन ठोके, मग थांबून एक. पलटण गल्लीच्या टोकाला पत्र्यावर असो की कुणाच्या स्वयंपाकघरात, येऊन भिंतीवर उभी. बाकी दिवसभर ती गावाची असायची. त्या चार ठोक्यांपुरती ती आपली. मंगलाबाई शेजारून म्हणायच्या, कांताबाई, मांजर पाळलंय की हजेरी घेताय?

साडेपाचला ती आता काय करते, ते रिपोर्टात नाही.

अक्षर वाकडं आलंय. पेन खराब आहे.

इकडचं सगळं ठीक. तुम्हा दोघांना आशीर्वाद, आणि तिसरीलाही.

बाबा


इंदूर
८ डिसेंबर

ती. बाबांस सा. जयभीम. वि. वि.

रिपोर्ट दोन. तुम्ही विचारलं म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

साडेपाचला ती मुख्य दाराशी जाऊन बसते आणि ओरडते. अर्धा तास. घड्याळ लावून घ्यावं अशी. समोरच्या सरोजिनीजींनी दोनदा विचारलं, बिल्ली बीमार है क्या. मी म्हटलं, नहीं आंटी, उसकी हाजिरी का टाइम है. त्यांना काही कळलं नाही.

पण दुसरंही खरं आहे. दुपारी तुमच्या खोलीत ऊन येतं. सुगतने खिडकीला फळी ठोकलीय. तिच्यावर बसून ती घारी बघते आणि दातांचा कट्‌कट् आवाज करते. महूला असताना मी तो कधी ऐकला नव्हता. रविवारी ती त्या फळीवर पोट वर करून झोपली होती. मी दारात उभी राहून बराच वेळ बघत होते. मांजर भीती असताना असं झोपत नाही, बाबा.

म्हणजे साडेतेवीस तास ती ठीक आहे. उरलेल्या अर्ध्या तासाचं काय करू, ते तुम्ही सांगा.

सुगतचा जयभीम. आठवण काढत जा, नुसती तपासणी नको.

मोनाली


महू
२२ डिसेंबर

चि. मोनालीस अ. आ. व जयभीम.

मलाही तोच अर्धा तास जड जातो.

श्रीहरीबरोबर झाकण पाठवतो आहे. आई गेल्यापासून मी ते वाजवत होतो. पलटण तुझ्याकडे आल्यावरही वाजवत होतो, उगाच. मला आवाज येत नाही, पण हाताला ठोका कळतो. आता ते तिथे असू दे. साडेपाचला वाजव. तीन, मग एक. तिला वाटेल, घर इकडे आलं.

सहा तारखेला बाबासाहेबांच्या स्मारकावर जाऊन आलो. पायऱ्या सावकाश चढलो. गर्दीत एका अनोळखी बाईने हात धरला, सोडेचना. आईच्या वयाची होती.

तो अर्धा तास सुटला की मला कळव. मग मी येतो. जानेवारीअखेर धर. नवव्या मजल्यावर माझ्यासाठी फळी नको, खुर्ची पुरे.

डबा आता बिनझाकणाचा आहे. त्यावर ताट ठेवलंय.

आशीर्वाद आहेतच.

बाबा


इंदूर
१४ जानेवारी २०२५

ती. बाबांस सा. जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, ऑफिसात काम होतं. झाकण मिळालं.

तुम्ही विचारलेला अर्धा तास आता राहिलेला नाही. पलटण साडेपाचला दाराशी बसत नाही. ओरडत नाही. सरोजिनीजी परवा आपणहून म्हणाल्या की आता एकदम शांती आहे. वॉशिंग मशीनमागेही ती जात नाही. सोबत फोटो पाठवते.

तुमच्या खोलीत पलंग आणलाय. त्याला कठडा आहे. न्हाणीघरात धरायला दांडी लावली. सुगत म्हणतो, तारीख कळवा, मी गाडी घेऊन येतो, बाबांनी फक्त मागे बसायचं.

बाबा, आता या.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
मोनाली


महू
१९ जानेवारी

चि. मोनालीस अ. आ.

तुझं पत्र मिळालं. वाचून ट्रंक खाली काढली. आईच्या साड्या वेगळ्या बांधल्या. बाबासाहेबांचा फोटो उतरवला, मागची भिंत पांढरी निघाली. मंगलाबाईंना किल्ली कुठे असेल ते सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं भाऊजी, आणि डोळ्यांना पदर लावला.

जेवून पत्र पुन्हा वाचलं.

रिपोर्टात काय लिहिलंय ते साहेब वाचतो. काय लिहिलं नाही, ते कारकून वाचतो. बसत नाही. ओरडत नाही. जात नाही. ती काय करते, याचं एकही वाक्य नाही. खाते का, झोपते कुठे, फळीवर बसते का. फोटो चांगला आहे. मागे कॅलेंडर दिसतं. डिसेंबरचं आहे.

पलटण कुठे आहे?

बाबासाहेबांचा फोटो अजून खालीच ठेवला आहे. उत्तर आलं की बघतो.

बाबा


इंदूर
२४ जानेवारी

ती. बाबांस,

पलटण नाही. नऊ जानेवारीला गेली.

झाकण पंधरा दिवस मी ओट्यावर नुसतं ठेवलं होतं. वाजवायला हात होत नव्हता. आईच्या ठोक्यांचा पोचा त्याच्या कडेला आहे, तुम्ही पाहिला असेल. त्या दिवशी लवकर घरी आले. ती दाराशी ओरडत होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाजवलं. तीन, मग एक.

ती गप्प झाली. धावत आली. माझ्याकडे बघितलं, वर बघितलं, ओट्यामागची भिंत बघितली. मग वळली आणि दाराकडे सुटली. सुगत त्याच क्षणी कुलूप उघडून आत येत होता. त्याच्या पायांमधून गेली. नऊ मजले उतरली. वॉचमनने तिला गेटमधून बायपासकडे जाताना पाहिलं.

मी खूप विचार केला, बाबा. तो आवाज तिला घरी बोलवायचा. ती तर घरातच होती. मग तिला वाटलं असणार की आपण बाहेर आहोत आणि घर दुसरीकडे आहे.

मी झाकण घेऊन खाली पळाले. बायपासच्या कडेला उभी राहिले. पण वाजवावं की नाही, तेच समजेना. वाजवलं असतं तर ती कुठल्या घरी निघाली असती? हातात धरून तशीच परत आले.

रोज सकाळी कचरा गाडीवाल्यांना विचारते. रस्त्यावर काय पडलेलं असतं ते सगळ्यांत आधी त्यांना दिसतं. ते नाही म्हणतात. अजून तरी नाही म्हणतात.

खोटं एकही वाक्य लिहिलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. ती दाराशी बसत नाही, हे खरंच आहे. आता लाज वाटते. पण तुम्ही नोव्हेंबरात पडलात, उजवं मनगट मोडलं, आणि तीन तास न्हाणीत होतात, हे मला मंगलाकाकूंनी सांगितलं. तुम्ही लिहिलंत, पेन खराब आहे. तुम्ही लिहिलं नव्हतं तेही मी वाचलं, बाबा. म्हणून तुम्ही यायला हवे होतात. कसेही.

ती इथे खूश होती का, ते मला ठाऊक नाही. त्या रविवारी फळीवर होती, एवढं मी शपथेवर सांगेन. दार उघडं दिसलं आणि गेली, एवढंही.

रागवा, पण लिहा.

मोनाली


महू
३१ जानेवारी

चि. मोनालीस अ. आ. व जयभीम.

पत्र पोचलं. पेन ठीक आहे. मनगट होतं, आता बरं आहे. मी तुला सांगितलं नाही, तू मला सांगितलं नाहीस. एकाच घरातली माणसं आपण.

झाकण मी पाठवलं. ते तू अंगावर घेऊ नको. तो ठोका आत या म्हणून आहे, हे मला ठाऊक होतं. आत असलेल्याला तो ऐकवला तर काय होईल, याचा विचार मी केला नाही. आई असती तर तिने केला असता.

फळीवर झोपली होती, ते मी खरं धरतो. साडेतेवीस तास खरे धरतो. मांजरं बंद घरात खूश राहत असतील. डॉक्टर खोटं कशाला सांगतील. जिला रोज साडेपाचला कुणी हाक मारलेली नाही, ती राहील.

मी येत नाही. रागावून नव्हे. पलंग कुणाला देऊन टाकू नको, ती गोष्ट वेगळी. पण तुझ्या घरापासून इथवर तीसेक किलोमीटर होतात. म्हातारं मांजर दिवसाला किती चालतं, हे कुणाला विचारावं कळत नाही. आलीच तर मागच्या भिंतीवर उभी राहील. तेव्हा इथे कुणीतरी पाहिजे. ती येणार नाही, हे मलाही कळतं. मंगलाबाईंनाही कळतं.

न्हाणीत दांडी बसवून घेतो. श्रीहरीने माणूस पाहिला आहे. बाबासाहेबांचा फोटो परत वर लावला, जरा तिरका बसलाय.

साडेपाचला सध्या मी ताट वाजवतो. मंगलाबाई म्हणतात, आवाज वेगळा येतो.

श्रीहरी सोमवारी तुझ्याकडे येईल. टोपली त्याच्याबरोबर परत दे. रिकामी देऊ नको. झाकण तिच्यात ठेव.

तुझे,
बाबा