फोकस, वटवाघळं आणि आमची गोरखचिंच

लातूर, नागपंचमी

श्रीमान विरूपाक्षअप्पा यांना मेहुणा गुरुपादप्पा याचा शरणार्थ. इकडे सर्व सुखरूप आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी. तुमचे गुडघे कसे आहेत? पायऱ्या चढू नका, आणि उतरूही नका.

आधी तुम्ही पाठवलेल्या फोकसच्या दिव्याबद्दल आभार. किल्लारीच्या भूकंपापासून मी छताखाली झोपत नाही, हे तुम्ही जाणताच. (पत्र्याच्याही नाही. पत्रासुद्धा पडतो.) माझी खाट अंगणातल्या गोरखचिंचेखाली. तिच्या फुलांवर येणारी वटवाघळं माझ्या अंगावर खरकटं सांडत, म्हणून मी तुमच्याकडे रडलो आणि तुम्ही धर्माबादहून फोकस धाडलात. गेला पावसाळाभर झाडावर लख्ख उजेड होता, एक वटवाघूळ फिरकलं नाही. आमच्या खोल्यांतल्या शिकवणीच्या मुलीही त्याच उजेडात पाठांतर करीत. (मला झोप लागली नाही, पण शरीरातल्या हाडांची नावं आता मलाही येतात.)

फक्त झाडाला एकही फळ धरलं नाही. पांढरी फुलं संध्याकाळी उमलायची आणि दुसऱ्या दिवशी तशीच गळायची. तुमच्या बहिणीला, गुरम्माला, तेवढं निमित्त पुरलं. फळ नाही, सरबत नाही, मग झाड कशाला? गल्लीत घरोघर शिकवणीची पोरं ठेवलेली, त्यामुळे गुरम्माला झाडाच्या जागी दोन खोल्या दिसतात. मग मी कुठे झोपायचं? दृष्ट लागली म्हणून लिंबू बांधलं, धूप घातला. शेवटी अवसेला आपला जुना तोडगा केला. एकानं कुऱ्हाड उगारून झाडाला दम द्यायचा, दुसऱ्यानं मध्ये पडून 'नको, पुढच्या साली फळ देईल' म्हणायचं, की झाड भिऊन फळतं. मी कुऱ्हाड उगारली. मध्ये पडायचं काम गुरम्माकडे होतं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तोडा की! दोन खोल्या निघत्यात."

अप्पा, मला कुऱ्हाड वर धरवेना आणि खालीही आणवेना. इतक्यात बिलोलीची देविका, आमची भाडेकरू मुलगी, पुस्तक टाकून धावली. तिला तोडगा ठाऊक नव्हता, सगळं खरंच वाटलं. "आजोबा, झाडाला कशाला धमकावता? त्याचं वऱ्हाड तुम्हीच पळवून लावलंत!" मग तिनं समजावलं. वटवाघूळ रसासाठी फुलात तोंड घालतं, केसांना पराग चिकटतो. गल्लीपलीकडच्या मठातल्या गोरखचिंचेचा पराग असा आमच्या झाडाला लागतो, तेव्हा फळ धरतं. (म्हणजे मठातलं झाड आमचं व्याही. इतकी वर्षं पत्ताच नव्हता.) गुरम्मा गप्प झाली. लग्नानंतर दुसऱ्यांदा. पहिल्यांदा भूकंपात. मग म्हणाली, "एक पावसाळा बघू. नाहीतर शिवलिंग गवंड्याला बोलावते."

यंदा फोकस बंद ठेवला. तिन्हीसांजेला वटवाघळं आली. मी उताणा पडून हात जोडले, तर आशीर्वादासारखं काहीतरी ओलं कपाळावर पडलं. आज फांदीफांदीला मखमली फळं लोंबत आहेत. शिवलिंग आला, वर बघितलं, चहा पिऊन गेला. वटवाघळांचे उपकार, देविकेचे उपकार आणि तुमचेही. फोकस नसता तर हे कळलं कसं असतं?

आपला,
गुरुपादप्पा

ता.क. फोकस परत पाठवत आहे. गोठ्यात लावा, पण त्याचं तोंड झाडाकडे करू नका.

आणखी ता.क. खरं काम राहिलंच. एक मोठी ताडपत्री पाठवा, दोन खाटांवर पुरेल अशी. परवा जमीन जराशी गुरगुरली, तेव्हापासून गुरम्माचीही खाट झाडाखाली आहे, आणि सगळं खरकटं नेमकं तिच्याच अंगावर पडतं. चिडते, पुसते आणि कूस बदलते. खोल्यांचं नाव मात्र आता कुणाला काढू देत नाही.