बाबांचं लिंबू

सलिल,

तू ऑफिसला गेल्यावर वॉटरप्रूफिंगवाला आलेला. गच्चीवरचा बाबांच्या लिंबाचा ड्रम सरकवायला गेला, तर हलेना. मुळं बुडातून थेट कोब्यात शिरलेली. बरोब्बर त्याखालीच आपलं छत गळतंय. तो म्हणाला, "साहेबांना गेल्या वर्षीच दाखवलेलं."

म्हणजे तुला माहीत होतं! आणि तरी गळतीचा दोष सोसायटीवर ढकलून भांडत बसलास, केवळ बाबा गेल्यापासून मी त्या झाडाला रोज पाणी घालते म्हणून. शहाणाच आहेस.

सेक्रेटरींना मी सॉरी म्हणून आले. पलंगावरची बादली हलवू नकोस.

उद्या सकाळी झाड तोडायला माणसं येतील. मला बघवणार नाही, म्हणून आजच वर्तकनगरला मावशीकडे चाललेय. तू मात्र रजा टाकून थांब. आपलं कुणीतरी तिथे असायला हवं.

आई