शंभर टक्के घसारा

दाजीबानपेठ, हुबळी
६ ऑक्टोबर १९९८

चि. प्रशांत यास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. हुलीगुड्डाच्या टेकडीवर फोन नाही म्हणून सगळं लिहून कळवतो. नीट वाच आणि वाचून झाल्यावर फाडून टाक.

मला टेकडीवर का ठेवलंत, असं तू विचारलंस. अरे बाबा, इथं हुबळीत लॅमिंग्टन रोडवरचं तुझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद पडलं, म्हणून तुला आपल्या कापडाच्या गादीवर बसवलं. तर तू गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडानं सांगतोस की या लुगड्याचा रंग जाईल! चौतिशीच्या माणसाला पेठेत हे शोभत नाही. टेकडीवर गिऱ्हाईक नाही, तुझा खरेपणा तिथं खपेल.

आता टेकडीवरच्या आपल्या पवनचक्कीचं. यंत्र वापरून झिजतं, त्या झिजेला घसारा म्हणतात. दुकानातल्या पंख्याचा घसारा सरकार वर्षानुवर्षं थोडा थोडा मान्य करतं. वाऱ्याच्या यंत्राचा मात्र पहिल्याच वर्षी शंभर टक्के! म्हणजे आज उभं केलं की कागदावर ते आजच संपलं, आणि त्याची सगळी किंमत माझ्या नफ्यातून वजा. अट एवढीच की तीस सप्टेंबरच्या आत ते चालू झालेलं दिसलं पाहिजे. ते फिरलं, फोटो निघाला, पेढे वाटले. आपले ऑडिटर पद्मनाभराव म्हणाले, यंत्राचं काम उत्तम झालं.

तेव्हा तू फक्त तांब्याच्या तारा चोरांपासून राख. यंत्राला हात लावू नकोस. ते तमिळनाडूत दहा वर्षं फिरून आलंय हे कुणापुढं बोलू नकोस, बिल नव्याचं आहे. पांघरूण पाठवतो आहे. माया आहेच, ती खर्चात दाखवत नाही इतकंच.

तुझा,
अण्णा

---

हुलीगुड्ड
९ नोव्हेंबर १९९८

ती. अण्णांस प्रशांतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पांघरूण मिळालं. सरकारी सवलतीतला सोलर कंदील घेतलाय, दिवसा उन्हात ठेवला की संध्याकाळी दोन तास वाचता येतं. पत्र मात्र फाडलं नाही, इथं वाचायला दुसरं काही नाही.

अण्णा, वारा इथं इतका आहे की धोतर वाळत घातलं तर शेजारच्या गावात सापडतं. आणि आपली पवनचक्की त्यात ढिम्म उभी. खालच्या गावचे लोक तिला गाळीयंत्र म्हणतात. गाळी म्हणजे वारा, तो आपण विकत घेतलाय का, असं विचारतात. मी हात लावणार नव्हतो, फक्त शिडीनं वर जाऊन बघितलं. फोटो निघाल्यावर लावलेला ब्रेक सुटलेलाच नाही, आणि पात्यांचं डोकं एकाच बाजूला अडकलंय. गिअरचं तेल आणि ब्रेकचे पॅड मिळाले तर जमेल असं वाटतं.

एवढं जिवाला लागण्याचं कारणही सांगतो. वहिनींनी काढलेलं अळणावरकडचं स्थळ तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीत नवनगरला सविताला बघितलं. मला ती फार आवडली, हे मोठ्या भावाला लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. तिचे वडील नागोजीमामा भातशेती करतात. मुलगा काय करतो, असं त्यांनी विचारलं. पवनचक्की चालवतो, असं मी सांगून बसलो. तर ते म्हणाले, संक्रांतीनंतर येऊन बघतो, फिरत असेल तर मुलगी देतो. तेल पाठवाल का?

आपला आज्ञाधारक,
प्रशांत

---

दाजीबानपेठ, हुबळी
१४ डिसेंबर १९९८

चि. प्रशांतभावजींना सुमनवहिनीचे आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून ह्यांनी ते गादीखाली सरकवलं आणि तेल कशाला, आगीत घालायला, असं म्हणून जेवायला बसले. म्हणून मीच लिहिते.

सोबतच्या डब्यावर शेंगतेल लिहिलंय. ते भाजीत घालू नका, गिअरचं आहे. चकलीच्या डब्यात खाली कागदात गुंडाळलेले पॅड आहेत, लेथवाल्याकडून तुम्ही कळवलेल्या मापाचे करून घेतले. चौथ्यांदा डबा भरताना ह्यांनी विचारलं की टेकडीवर एकटा माणूस एवढं खातो तरी किती. मी म्हटलं, वाऱ्यानं भूक लागते.

सविता हुशार आहे हो. तिनं मला विचारलं की पवनचक्की फिरत नसेल तर भावजी दिवसभर करतात काय. तेव्हा काय ते करा, पण वर चढताना कमरेला दोर बांधा. लग्नाआधी पडू नका, एवढं ऐका माझं.

वहिनी

---

हुलीगुड्ड
२४ जानेवारी १९९९

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

रागावू नका. फिरली!

सतरा तारखेला सकाळी ब्रेक सुटला, डोकं कुरकुरत वाऱ्याकडे वळलं आणि पाती चालू झाली. मी खाली उभा राहून रडलो, अण्णा. आयुष्यात मी हात लावलेली पहिली गोष्ट चालली. वीज मंडळाचे साहेब येऊन मीटर बघून गेले. आपण करारात लिहिलेल्या दरानं ते प्रत्येक युनिटचे पैसे देणार आहेत.

बावीस तारखेला नागोजीमामा आले. चार तास दगडावर बसून वर बघत होते. करंट कुठं जातो, एवढंच विचारलं. तारेनं धारवाडकडे जातो म्हटल्यावर मान हलवली. निघताना म्हणाले की पाहुणा येणार म्हणून घरही कुणी झाडून ठेवतं. होळीनंतर न सांगता परत येईन, तेव्हाही फिरत असली तर बोलू. तेव्हा एवढे दिवस आशीर्वाद चालू ठेवा.

प्रशांत

---

दाजीबानपेठ, हुबळी
२० फेब्रुवारी १९९९

चि. प्रशांतला आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला आहे. आज वीज मंडळाचा चेक आला.

अरे शहाण्या, ही मिळकत आहे! मिळकतीवर कर लागतो! कर वाचवायला घेतलेली वस्तू कर भरायला लावणार असेल तर माणसानं जावं कुठं? पद्मनाभरावांनी तो चेक दोन बोटांनी उचलला आणि पाल पडल्यासारखा झटकला. म्हणाले, शंकरराव, तुमच्यासारखे पंधरा व्यापारी माझ्याकडे आहेत, कुणाचीही पवनचक्की असं वागलेली नाही. उद्या कुणी तपासायला आलं, यंत्राचा नंबर आणि बिलाचा नंबर ताडून बघितला, तर? पेठेत शेजारचे हसून विचारतात, काय शंकरराव, फिरते म्हणे तुमची!

पत्र मिळताच बंद कर. अळणावरच्या पाहुण्यांना काहीही सांग. मुली काय, पुष्कळ मिळतील.

अण्णा

---

हुलीगुड्ड
१ मार्च १९९९

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

आजवर तुमचा शब्द मोडला नाही. लॅमिंग्टन रोडचं दुकान बंद कर म्हणालात, केलं. टेकडीवर जा म्हणालात, आलो. पण नागोजीमामा येऊन जाईपर्यंत यंत्र बंद करणार नाही. मुली पुष्कळ मिळतील असं तुम्ही लिहिलंत. मला पुष्कळ नकोत.

सरकारनं एवढी सवलत वीज व्हावी म्हणून दिली असेल, असं मला आपलं वाटतं. पद्मनाभरावांना एकदा विचारून बघा. वहिनींच्या हातचं तेल फार छान होतं, त्यांना सांगा.

प्रशांत

---

दाजीबानपेठ, हुबळी
१२ एप्रिल १९९९

चि. प्रशांतला मनापासून आशीर्वाद.

तुझा प्रश्न पद्मनाभरावांना विचारला. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पण माणूस मोठा हुशार! त्यांनी तोड काढली आहे.

मार्च संपला, म्हणजे घसारा माझ्या पदरात पडला. आता ती चक्की फिरून मला नुसता ताप. तुझी मिळकत शून्य, तुला कर फारसा बसणार नाही. म्हणून यंत्र, टेकडीचा भाडेपट्टा आणि मंडळाचा करार, सगळं तुला भेट द्यायचं. भेटीवरचा कर सरकारनं गेल्या ऑक्टोबरातच उठवला आहे, देव पावला म्हणायचं. तसंही ते जुनं धूड किती दिवस टिकणार, विकायला काढलं तर भंगारवाला तरी घेईल का? तुझं काम झालं, माझं ओझं उतरलं. सोबत कागद आहेत, खुणा केल्यात तिथं सह्या करून पाठव.

तुझ्या हिताचाच विचार करणारा,
अण्णा

---

हुलीगुड्ड
२ मे १९९९

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

सह्या करून कागद पाठवले, ते मंडळात नोंदवून झाले. नागोजीमामा होळीनंतर आले, आणि परवा पुन्हा आले, दोन्ही वेळा न सांगता. दोन्ही वेळा फिरत होती. परवा त्यांनी विचारलं की यंत्र कुणाचं. मी कागद दाखवला. कन्नड, इंग्रजी सगळा बोट ठेवून वाचला, मग खिशातून गूळ काढून माझ्या हातावर ठेवला. तुळशीचं लग्न लागलं की पहिल्या मुहूर्ताला आमचं.

अण्णा, तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही. मी फार खुशीत आहे.

प्रशांत

---

दाजीबानपेठ, हुबळी
२० ऑगस्ट १९९९

चि. प्रशांतराव यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रकृतीस जप. पावसाळी वाऱ्यात वर चढू नकोस.

एक किरकोळ काम आहे. मंडळाच्या पावत्या अजून चुकून दुकानाच्याच पत्त्यावर येतात. जून आणि जुलैच्या बघितल्या. पद्मनाभरावांनी तीनदा बेरीज केली. पावसाळ्यात एवढा वारा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. करार वर्षानुवर्षांचा, दर दरवर्षी थोडा वाढता, आणि वाऱ्याला गिरणीसारखी उधारी नाही. कर भरूनही हे कापडापेक्षा बरं, असं ते आता म्हणतात.

तर भेट परत करण्याचा एक साधा कागद सोबत आहे. भावाभावांत तुझं-माझं काय? तू तिथंच राहा, पगार वाढवून देतो. सही करून पाठव, लग्न धूमधडाक्यात करून देतो.

अण्णा

---

हुलीगुड्ड
२९ ऑगस्ट १९९९

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

सही करणार नाही.

आठ दिवस विचार केला. सही केली तर नागोजीमामांना मी खोटं बोललो असं होईल, आणि सविता पगारी राखणदाराच्या घरी येईल. तरी त्यांना सगळं सांगून तुमच्या शब्दाला मान द्यायला मी तयार होतो. पण मग आठवलं, तुम्ही ही चक्की मला दिलीत ती माया म्हणून नव्हे, ओझं म्हणून. मलाही इथं तसंच ठेवलं होतंत. ते मला फार लागलं, अण्णा, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अप्पा आपल्याला पोरकं करून गेले, तेव्हापासून तुम्हीच मला वाढवलंत. बोहल्यावर माझ्या मागं उभं राहायला तुमच्याशिवाय कुणी नाही. पाच डिसेंबर, अळणावर. जरूर या. येताना तो कागद मात्र आणू नका.

प्रशांत

---

दाजीबानपेठ, हुबळी
२४ सप्टेंबर १९९९

चि. प्रशांतला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून संतापलो. सही घ्यायला स्वतःच यायचं ठरवलं आणि सोमवारी टेकडीवर आलो. तू अळणावरला गेला होतास. तुझ्या खोलीला कुलूप नव्हतं, चहा करून घेतला.

मी ते यंत्र फिरताना फोटोच्या दिवशीच बघितलं होतं, तेही कॅमेऱ्याकडे तोंड करून. सोमवारी दुपारभर बघत बसलो. तीस वर्षं मी एका गावचं कापड दुसऱ्या गावाला विकलं, तयार असं काहीच केलं नाही. तू केलंस. मला तुझा हेवा वाटला, हे सुमनला सांगू नकोस. कागद आणला होता, तो तुझी चूल पेटवायला वापरला. लग्नाला दोन दिवस आधी येतो.

आणखी एक. पद्मनाभरावांच्या सांगण्यावरून तीस तारखेच्या आत आपल्या गच्चीवर सोलरचा पाणी तापवायचा बंब बसवून घेतला, त्यालाही शंभर टक्के घसारा आहे. फोटो निघाला, पेढे वाटले. नळ कुठंच जोडलेला नाही. लग्न झालं की सविताला घेऊन ये आणि जरा बघ रे. यातून खरंच गरम पाणी येतं का?

तुझा,
अण्णा