कॉरिनची काडतुसं

मंगळवार, ८ ऑक्टोबर

कॉरिनचा हात वाचला. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

संध्याकाळी नेमबाजीच्या क्लबात आमची लीगची स्पर्धा होती. माझ्या शेजारच्या खणात कॉरिन, माझी मुलगी. चांगली नेम धरून मारत होती आणि मध्येच एक बार — आवाजच नाही! नुसतं फुस्स. पिस्तुलाला धक्काही बसला नाही. तिचं बोट सवयीने पुन्हा चापावर गेलं. रेंजचा कारभार मर्ल फेटरॉल्फ बघतो, तो नशिबाने तिच्या मागेच उभा होता. "थांब! बोट काढ!" असा ओरडला की सगळी रांग थांबली. नळीत बघितलं तर गोळी अर्ध्यावर अडकलेली. काडतुसात दारू नव्हतीच. बुडाच्या टिकलीच्या ठिणगीने गोळी ढकलली तेवढीच. त्यावर दुसरा बार काढला असता तर नळी फुटून हाताच्या चिंधड्या झाल्या असत्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते माझी पोर.

आणि काडतूस माझ्या हातचं, घरी भरलेलं.

मर्लने पितळी गजाने ठोकून गोळी बाहेर काढली.   आमच्या क्लबात कोणी दुसऱ्याने भरलेलं काडतूस झाडत नाही, सख्ख्या भावाचंही नाही. कॉरिन मात्र पहिल्यापासून माझीच झाडते. त्याचा मला केवढा तोरा होता!

बुधवार, ९ ऑक्टोबर

सकाळपासून तळघरात. काडतुसं भरायचं यंत्र खिळा न् खिळा सुटं केलं. काम साधंच आहे — रिकामी पुंगळी ठेवायची, दांडा ओढायचा, वरच्या मापातून दारू पडते, मग पुंगळीखालचं ताट हाताने फिरवायचं आणि गोळी बसवायची. चुकायला जागाच नाही. चूक असलीच तर मापाची.

आणि सापडलीच! मापाच्या तोंडाशी दारूची गुठळी. तळघरात ओल आहे, मी लोरेनला उन्हाळ्यापासून सांगतोय. सगळं पुसून कोरडं केलं. जेवताना लोरेनला म्हटलं, सापडला चोर. ती बरं म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. बायकोला यंत्रातलं काय कळतंय.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

त्याच खोक्यातली उरलेली काडतुसं फोडून बघितली. बाकी सगळी ठीक. एकात दारू दुप्पट. ते वाचून परत लिहितो — दुप्पट. ते उडवलं असतं तर मर्लला ओरडायलाही वेळ मिळाला नसता.

गुठळीनेच हे होणार ना? एकात अडकली, पुढच्यात सगळी पडली. साधा हिशेब आहे.

तरी यंत्राच्या कंपनीला फोन केला. पलीकडे एक गोड बोलणारा पोरगा. विचारतो काय, भरताना कोणी हाक मारली होती का, मध्येच उठला होतात का? माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, बाळा, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी दांडा ओढतोय. तो हसला नाही, रागावलाही नाही. नवीन माप फुकट पाठवतो म्हणाला.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

लीगला कॉरिन दुकानातली काडतुसं घेऊन आली. कोऱ्या खोक्यातून एकेक काढून भरत होती, माझ्याकडे न बघता. तिचा नेमही बरा लागला. मर्ल येऊन माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून गेला. आजारी माणसाशी बोलतात तसं!

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

नवीन माप आलं. बसवलं. दारूही नवीन आणली. आधी नुसतं तपासायला, दर वेळी पडलेली दारू तराजूवर तोलली — कसर नाही, एका कणाचीही नाही. जिवात जीव आला. कॉरिनसाठी एक खोकं भरलं, तिच्या नावाची चिठ्ठी लावली.

रविवार, २० ऑक्टोबर

चर्चबाहेर खोकं दिलं. तिने घेतलं. गालाला गाल लावला आणि "थँक्यू, बाबा" म्हणाली. आजचा दिवस छान गेला.

सोमवार, २१ ऑक्टोबर

कॉरिन कामावरून सरळ इकडेच आली, अंगावरचा कोटही काढला नाही. हातात स्वयंपाकघरातलं पातेलं. टेबलावर ठेवलं. तिने माझी सगळी काडतुसं घरी बसून फोडली होती! एकही झाडलं नव्हतं. तीन पुंगळ्या वेगळ्या काढल्या होत्या. दोन कोरड्या ठणठणीत. तिसरीतली दुप्पट दारू तिने चहाच्या बशीत ओतून आणली होती, म्हणजे मला दिसावी.

मी म्हटलं, नवीन मापही खराब निघालं.  ती म्हणाली,

"बाबा, माप नवीन आहे. दारू नवीन आहे. आता जुनं काय उरलं?"

मी नको ते बोललो. तू कधी माझ्यावर विश्वास ठेवलाच नाहीस, तुझ्या भित्रेपणाचं खापर माझ्यावर फोडू नकोस, जा, दुकानातली विकतची उडव. लोरेन मध्ये पडली तर तिलाही झिडकारलं. कॉरिनने पातेलं उचललं. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

लीगला गेलो नाही. मर्लचा फोन आला, घेतला नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

यंत्र पुन्हा उघडलं. काहीही सापडलं नाही. काहीतरी सापडू दे रे देवा.

शनिवार, २६ ऑक्टोबर

दुपारी लोरेन सफरचंदांची टोपली घेऊन तळघरात उतरली. वर उजेड कमी आहे म्हणाली. थापच! पण आलीच आहे तर बसू दे म्हटलं, बघू दे तरी मी कसा भरतो ते. ती पायरीवर सालं काढत बसली. मी भरत होतो.  चांगली लय लागली होती.

मग तिच्या सुरीचा आवाज थांबला.

"वेंडेल, ह्याच्यात दारू टाकलीस तू."

नाही टाकली, म्हटलं. ठामपणे म्हटलं, कारण मला शंभर टक्के माहीत होतं. दांडा ओढल्याचं मला काही आठवत नव्हतं, आणि आठवत नाही म्हणजे ओढला नाही. मी दांड्याकडे हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं. जोरात धरलं, तिच्या बोटांना सफरचंदाचा रस होता. "उपडी कर," म्हणाली.

पुंगळी उपडी केली. दारू तळहातावर सांडली.

 तो क्षण माझ्याकडे नाहीच. हात हलला असणार, दांडा खाली आला असणार, आणि मी तिथे नव्हतो. मग कुठे होतो? आणि असा कितीदा नसतो? लोरेन टोपली बाजूला ठेवून माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसली. मी तिला विचारलं, तुला केव्हापासून माहीत आहे. ती म्हणाली, यंदाच्या वसंतऋतूपासून.

मला भीती वाटते. हे कुठे बोलता येत नाही म्हणून इथे लिहितो. मला फार भीती वाटते.

सोमवार, २८ ऑक्टोबर

कॉरिनकडे गेलो. गाडी लोरेनने चालवली. दारातच सांगितलं — यंत्र चांगलं आहे, मी बिघडलोय. तिने मला घट्ट धरलं आणि दोघंही तिथेच रडलो, शेजारचे बघत होते तरी. तुझा हात, तुझा हात, एवढंच माझ्या तोंडून निघत होतं.

यंत्र तिला देऊन टाकलं. बाकावरून सोडवायला जावई आला होता. लाकडात बोल्टांची भोकं राहिली आहेत.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई तरुण आहे, पण घाई करत नाही. विसरण्याची तपासणी म्हणून कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मला वाटलं मी झकास काढलं. लोरेन कागद बघून खिडकीकडे वळली.

रविवार, ३ नोव्हेंबर

कॉरिनने ऑर्गन फार सुरेख वाजवला आज. दुपारी तिच्याकडे डुकराचं मटण आणि आंबट कोबी. भरपूर जेवलो. बाकी काही विशेष नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सगळी सकाळ बंदुकांच्या तिजोरीची किल्ली शोधण्यात गेली. मनाशी पक्कं केलं होतं — आज ती लोरेनच्या हातात द्यायची. खण उपसले, कोटांचे खिसे उलटे केले. नाहीच. शेवटी तिलाच विचारलं. ती भांडी पुसत होती.

"रविवारीच दिलीस मला," ती म्हणाली. "आणि म्हणालास, कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस."