जहाजाचं नाणं

दि. १ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. एक्क्याऐंशीव्या वर्षीही सकाळच्या पेपरातल्या चुका लाल पेननं काढतात. छापखान्यातली मुद्रितशोधकाची नोकरी संपून वीस वर्षं झाली, हे त्यांना कुणी सांगायचं! माझंही नेहमीचंच. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून चकचकीत करते आणि संध्याकाळी घरी येऊन बोलणी खाते. फोनवर तू दोन मिनिटांत 'बरं, ठेवते' म्हणतेस, म्हणून लिहितेय.

तर काम असं आहे. बाबांनी ते नाणं बाहेर काढलंय. हो, तेच, तांब्याचं, जहाजाचा छाप असलेलं. ते ग्रेडिंगला पाठवायचं असं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलंय. एक संस्था असते, तिथले तज्ज्ञ नाणं तपासून त्याची प्रत ठरवतात, प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात आणि वर चिठ्ठी लावून परत पाठवतात. मी बाबांना नाण्यांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं भिंग डोळ्याला लावलं, नाणं उजेडात तिरकं केलं आणि लगेच खाली ठेवलं.

"आजोबा, हे कुणीतरी घासलंय. तांब्यावरचा जुना तपकिरी थर गेला की संपलं. याला प्रतीचा नंबर मिळायचा नाही, चिठ्ठीवर नुसतं 'घासलेलं' असं लिहून येईल. उगाच फी वाया घालवू नका."

मी मनात म्हटलं, सुटले बाई. पण बाबा कसले ऐकतात! "तुमचं मत विचारलं नाही मी. फॉर्म द्या," म्हणाले. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला आणि मी छताकडे.

दहा तारखेला पाकीट जाणार आहे. तू त्यांना नको म्हणून सांगशील का? मला कळतंय, एकोणतीस वर्षं तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत, तेही याच नाण्यापायी, आणि मी हे तुलाच सांगतेय. पण मला दुसरं कुणी सुचेना. ते नाणं डबीत बंद होऊन, वर तसं छापून आपल्या कपाटात कायमचं बसलेलं मला बघवणार नाही. का ते विचारू नकोस.

तब्येतीला जप.

तुझी,
चिंगी


दि. ९ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. दोनच ओळी. 'मी ते घासलं नाही हे तेव्हाच सांगितलं होतं. आता त्या नाण्याचं लोणचं घाला.' बरोबरच आहे तुझं. तीन दिवस ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरतेय. परवा लॅबमध्ये एका बाईंची कवळी माझ्या हातून मोडली.

काल फॉर्म बघितला. शेवटी 'विशेष सूचना' असा रकाना आहे. तिथे बाबांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ओरखडे हे नाणे आमच्या घरी येण्यापूर्वीचे असू शकतील काय, कृपया स्पष्ट कळवावे.'

"हे कशाला?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "'हो' असं उत्तर आलं, तर ताईला घरी बोलवीन म्हणतो."

"आणि नाही आलं तर?"

"तर काय. जे आहे ते आहे."

ताई, उत्तर 'नाही' असंच येणार होतं. मला ठाऊक होतं.

तेव्हा तुला नोकरीच्या त्या मुलाखतीला दुसऱ्या शहरात जायचं होतं आणि बाबा नको म्हणत होते. "तुमचं ते नाणं एक दिवस उकिरड्यावर फेकते की नाही बघा!" असं तू ओरडली होतीस. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रविवारी बाबांना ते नाणं प्रदर्शनात मांडायचं होतं. मी नऊ वर्षांची. मला वाटलं, काळं पडलंय बिचारं, चकचकीत करून दिलं तर बाबा खूश होतील आणि तुला जाऊ देतील. मोरीत बसून भांड्यांच्या पावडरीनं आणि तारेच्या घासणीनं घासलं. अगदी नव्यासारखं झालं गं! मला इतका आनंद झाला होता.

मग बाबा आले. मी पलंगाखाली होते. तू "मी नाही" म्हणालीस ते ऐकलं. "हे हात माझ्या घरात नकोत" तेही ऐकलं. तू बॅगेची चेन ओढलीस, तीसुद्धा ऐकली, आणि तोंड उघडलं नाही. तेव्हा नऊची होते, मान्य. पण मग दहाची झाले, वीसची झाले. आई गेली तेव्हा तू दोन तासांसाठी आलीस, दाराशीच उभी राहिलीस आणि परत गेलीस. तेव्हा मी चांगली तेवीस वर्षांची घोडी होते. तुला पाणी आणून दिलं, पण हे सांगितलं नाही. भित्री मेली, दुसरं काय.

काल सांगितलं बाबांना. आणि त्यांचा विश्वासच बसेना! "तिला पाठीशी घालू नकोस," म्हणाले. मी रडले, ओरडले, काही उपयोग नाही. शेवटी नाणं त्यांच्या भिंगाखाली धरलं. म्हटलं, "दिवसभर घासायचंच काम करते मी, मला त्यातलं कळतं. जहाज बुडेल म्हणून मी ते सरळ धरून घासलं होतं. आता ओरखडे बघा कसे उतरतात." मग पेपरावर माझ्या डाव्या हातानं भराभर रेघा मारून दाखवल्या आणि त्यांना उजव्या हातानं मारायला लावल्या. माझ्या डावीकडून उजवीकडे खाली उतरल्या, त्यांच्या बरोबर उलट्या. ओरखडे माझ्या रेघांसारखे होते. घरात डावरी मी एकटीच.

त्यांनी पेपरावरच्या रेघा आणि ओरखडे पुन्हा एकदा ताडून बघितले. मग भिंग खाली ठेवलं. आता थोबाडीत बसणार असं वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं.

"तिनं सांगितलं होतं मला," एवढंच म्हणाले. "मी पुन्हा विचारलंच नाही."

फॉर्म त्यांनीच फाडला. पाकीट जात नाही.

आज सकाळी तुझा नंबर मागितला. मी दिला. तेव्हापासून फोन मांडीवर घेऊन बसलेत. मघाशी विचारलं, "माझा आवाज ओळखेल का ती?" मला रडू आलं म्हणून मी आत निघून आले आणि हे लिहायला बसले.

पत्र पोचेपर्यंत त्यांनी फोन लावलेला असेल, नसेलही. उचल म्हणून सांगायला मला तोंड नाही. माझ्याशी बोलायचं बंद केलंस तरी मी कुरकुर करणार नाही. त्यांच्यावर चिडायचं असेल तर खुशाल चिड, तेवढं त्यांनी ऐकून घ्यायलाच हवं. फक्त एक वाक्य मला तुला लिहून द्यायचं होतं, कुणाला दाखवायची वेळ आली तर तुझ्याजवळ असावं म्हणून.

ताईनं नाही, मी घासलं.

चिंगी